लाकूड उरतं, हात उरत नाही

दक्षिण जर्मनीत ट्रोसिंगेन नावाचं एक लहानसं गाव आहे. नाव आपल्या कानावरचं नाही, पण त्या गावची एक वस्तू आपल्याकडच्या पुष्कळ घरांत येऊन गेली आहे, ती म्हणजे होनरचा माउथ ऑर्गन. मथियास होनर यानं 1857 साली याच गावात माउथ ऑर्गन बनवायला घेतले आणि पुढं गावाची ओळखच ती झाली. त्याच गावात 2001-02 च्या हिवाळ्यात पुरातत्त्वाच्या लोकांनी सहाव्या शतकातलं एक थडगं उघडलं. जमीन ओली आणि चिकण, हवेला आत शिरायला वाव नाही. त्यामुळं एरवी जे आधी कुजतं ते लाकूडच तिथं टिकून राहिलेलं. पलंग, खुर्ची, लहान टेबल, कातकाम केलेलं मेणबत्तीचं घर असं सगळं एका योद्ध्याबरोबर पुरलं होतं. आणि त्याच्या अंगाशी ठेवलेलं एक सहा तारांचं वाद्य होतं. थडग्याच्या लाकडाची वर्षवलयं मोजून शास्त्रज्ञांनी साल काढलं, इसवी सन 580.

हे वाद्य म्हणजे लायर. लांबी सुमारे 80 सेंटिमीटर, अंगानं सडपातळ, मेपलच्या लाकडाची. पुढच्या बाजूला समोरासमोर उभ्या राहिलेल्या भालाइतांच्या दोन टोळ्या कोरल्या आहेत, मागं एकमेकांत गुंतलेली जनावरांची नक्षी. खुंट्या सहा, त्यातल्या चार अ‍ॅशच्या आणि दोन हेझलच्या. घोडी विलोची, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाची. एका वाद्याला दोन जातींच्या खुंट्या का? वापरता वापरता काही मोडल्या असतील आणि हाताशी होतं त्या लाकडाच्या नव्या बसवल्या असतील, असं मला वाटतं. कोरीवकामही जागोजागी झिजलं आहे. ही शोभेची वस्तू नव्हती. कुणीतरी ती वर्षानुवर्षं वाजवली होती.

तारा मात्र नाहीत. त्या आतड्याच्या असतील नाहीतर घोड्याच्या केसांच्या, मातीत विरून गेल्या. आणि तारांबरोबर त्यावरचं गाणं गेलं. त्या योद्ध्यानं काय वाजवलं, याची एक ओळसुद्धा कुठं लिहिलेली नाही.

लायर म्हणजे नेमकं काय, ते इथं सांगून ठेवते, कारण या नावात पुष्कळ गोंधळ झालेला आहे. खाली एक पोकळ पेटी, पेटीतून वर गेलेले दोन हात आणि त्या दोन हातांना जोडणारी आडवी पट्टी. त्या पट्टीतल्या खुंट्यांपासून तारा निघतात, तबलीवरच्या घोडीवरून जातात आणि तळाला लंगोटाशी अडकतात. आपल्या सतारीसारखी दांडी नाही, पडदे नाहीत, तार दाबायला जागाच नाही. एका तारेचा एकच स्वर. हार्प वेगळी. तिच्या तारा तबलीवरून आडव्या जात नाहीत, पेटीतून थेट वर निघतात.

या दोहोंची गल्लत जाणत्या लोकांकडूनही झाली. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात सटन हू इथं 1939 साली एका टेकाडाखाली आख्खं जहाज पुरलेलं सापडलं. त्यात सोन्यानाण्याबरोबर मेपलचे काही तुकडे आणि पक्ष्याच्या तोंडाच्या दोन धातूच्या पट्ट्या होत्या. तुकडे जुळवून आधी त्यांची हार्प बनवली गेली. ती लोकांपुढं मांडली, वाजवलीसुद्धा. पुढं ते तुकडे पुन्हा तपासले, इतर ठिकाणच्या वाद्यांशी ताडून पाहिले आणि 1970 च्या सुमाराला ठरलं की ही हार्प नाही, लायर आहे. आपल्याकडं याच्या बरोबर उलट झालं. समुद्रगुप्ताच्या एका सोन्याच्या नाण्यावर तो मंचकावर बसून वीणा वाजवतो आहे. नाणेशास्त्राच्या इंग्रजी सूच्यांमध्ये त्या नाण्याला लायरवादकाचं नाणं म्हणतात. पण नाणं भिंगाखाली धरून पाहा, राजाच्या मांडीवर धनुष्यासारखी वाकलेली हार्प आहे. तिकडच्या लायरला हार्प म्हटलं आणि इकडच्या हार्पला लायर.

आणखी एक लायर सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्येच एसेक्समधल्या प्रिटलवेल इथं 2003 साली सहाव्या शतकाच्या अखेरचं एक दफन उघडलं. तिथल्या रेताड मातीत लाकूड जवळजवळ सगळं गेलेलं. उरला तो लायरच्या आकाराचा मातीतला काळा डाग आणि धातूचे तुकडे. पण त्या डागानंच पुष्कळ सांगितलं. ही लायर एकदा दोन तुकडे होऊन मोडली होती आणि लोखंड, चांदी, सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं लावून कुणीतरी ती पुन्हा सांधली होती. मोडलेलं वाद्य फेकून दिलं नाही, दागिना घडवावा तसं दुरुस्त केलं. त्यावर तामडा बसवला होता, जवाहीर ज्याला गार्नेट म्हणतात तो. तपासणीत कळलं की ते खडे बहुतेक भारतातले किंवा श्रीलंकेतले. त्या काळात एवढा प्रवास! किती हात बदलले असतील. आमच्या नात्यात खड्यांचा व्यापार करणारी माणसं आहेत, त्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय, खडा कुठंही जातो." खरं आहे. खडा कुठंही जातो, चौदाशे वर्षं टिकतो. वाजवणं तसं जात नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातातच जावं लागतं, आणि मध्ये एक हात चुकला की संपलं.

मग आज जी माणसं या लायर बनवतात आणि वाजवतात, ती काय वाजवतात? त्यांच्यापाशी तीन धागे आहेत.

पहिला धागा स्वर जुळवण्याचा. फ्रान्सच्या उत्तरेकडचा हुकबाल्ड नावाचा एक ख्रिस्ती साधू इसवी सन 900 च्या आसपास संगीतावर लिहून गेला. सहा तारांच्या वाद्याच्या तारांमधली अंतरं त्यानं दिली आहेत: पूर्ण, पूर्ण, अर्धं, पूर्ण, पूर्ण. आपल्या भाषेत सांगायचं तर सा रे ग म प ध, सगळे शुद्ध. निषाद नाही. ट्रोसिंगेनचा योद्धा हुकबाल्डच्या तीनशे वर्षं आधीचा, तेव्हा त्यानं असंच जुळवलं असेल असं छातीठोक म्हणता येत नाही. पण हातात धरण्याजोगी ही एक दोरी आहे.

दुसरा धागा चित्रांचा. आठव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या एका स्तोत्रांच्या पोथीत दावीद राजा लायर वाजवताना रंगवला आहे. त्याचा डावा हात तारांच्या मागून आलेला दिसतो. तिसरा धागा जिवंत आहे. इथिओपियात क्रार नावाची लायर आजही लग्नाकार्यात, हॉटेलात वाजते. तिचे वादक डाव्या हाताची बोटं तारांवर टेकवून नको त्या तारा मुक्या करतात आणि उजव्या हातानं सगळ्या तारांवरून नखी फिरवतात. मोकळ्या राहिल्या तेवढ्याच तारा बोलतात. पोथीतल्या दावीदाचा डावा हात तारांमागं काय करत असावा, याचा अंदाज क्रारवाल्यांकडं बघून बांधता आला.

माझ्याकडची लायर माझ्या भाच्यानं केली. तो बेळगावातच असतो, नोकरी सांभाळून सुतारकाम करतो. ट्रोसिंगेनच्या लायरची मापं घेऊन, थोडी लहान करून, त्यानं ती तूनच्या लाकडात कोरली. तून हे मिरजेच्या तंबोऱ्यांचं लाकूड. वजनाला हलकं आणि आवाजाला गोड. तारांचा प्रश्न आला तेव्हा तो हसत म्हणाला, "आत्या, मूळची तार आतड्याची असते. चालेल तुला?" चालण्यासारखं नव्हतंच. नायलॉनची तार म्हणून लोक मासे धरायच्या गळाची दोरी वापरतात, तीही आमच्या घरात येण्यातली नाही. शेवटी गिटारच्या नायलॉनच्या तारा आणल्या. लाकूड चालतं, नायलॉन चालतं, आणि नाद छान येतो. नाहीतरी मूळच्या तारा कुणाच्याच हाती लागलेल्या नाहीत, तेव्हा प्रत्येकाला तार आपापली शोधावी लागते.

शिकवायला गुरू नाही. मांडीवर लायर उभी धरायची, डावा हात मागून घालायचा आणि बोटं तारांना टेकवायची. पहिल्याच आठवड्यात एक गंमत लक्षात येते. दुसरी, चौथी आणि सहावी तार मुकी केली, तर पहिली, तिसरी, पाचवी बोलतात: सा ग प. बोटं एक घर सरकवली, तर उरलेल्या बोलतात: रे म ध. विषम तारांची एक मूठ, सम तारांची दुसरी मूठ. या दोन मुठी आलटून पालटून वाजवल्या की गाण्याखाली अंथरूण तयार होतं. एवढ्यावर माणूस तासभर गाऊ शकतो. मग हळूहळू मागच्या हाताचा अंगठा मोकळा होतो, एखादी तार मध्येच छेडतो, आणि मुठींच्या मधून एकेरी स्वरांची वाट निघते.

ज्यांचं कान हिंदुस्थानी संगीतावर वाढलं आहे त्यांना दुसरी गंमत लगेच कळेल. या सहा तारांतला मध्यम सोडला तर सा रे ग प ध, भूपाचे स्वर. गंधार सोडला तर सा रे म प ध, दुर्गाचे. एका तारेच्या फरकानं दोन राग शेजारी शेजारी बसलेले. अर्थात मिळतो तो सांगाडा. लायरवर मींड नाही; गंधारावरून षड्जावर घसरत यायची सोय नाही, तार बोलली की आपोआप विझेपर्यंत आपण तिचं काही करू शकत नाही. उपज करायची तर ती स्वर लांबवून नाही, कुठली तार कधी सोडायची आणि कधी मुकी ठेवायची यातूनच करावी लागते. पहिल्या महिन्यात याचा वैताग येतो. नंतर तीच शिस्त वाटायला लागते. सहा तारांच्या बाहेर जाता येत नाही, म्हणून त्याच सहा तारांत पुन्हा पुन्हा शिरावं लागतं, आणि दरवेळी काहीतरी निराळं हाताला लागतं.

ही उपज त्या काळी फक्त भाटांची मक्तेदारी नव्हती. बीड नावाच्या इंग्लंडमधल्या साधूनं 731 साली आपल्या लोकांचा इतिहास पूर्ण केला, त्यात व्हिटबीच्या मठातल्या केडमनची गोष्ट आहे. केडमन गुरं राखणारा, वयानं मोठा, गाणं न येणारा. जेवणावळ संपली की वाद्य हातोहात फिरायचं आणि ज्याच्यापाशी येईल त्यानं गायचं. वाद्य आपल्या रोखानं येताना दिसलं की केडमन उठून घरी जायचा. एका रात्री गोठ्यात झोपला असता स्वप्नात कुणीतरी त्याला गा म्हणालं, आणि तो गायला लागला. मठाची प्रमुख हिल्डा ही बाई होती. तिनं त्याला ठेवून घेतलं, जाणत्यांकडून धर्मकथा ऐकवायला लावल्या. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकलेलं तो गाईसारखं रवंथ करून गाण्यात आणायचा, असं बीडनं लिहिलं आहे. बीडनं वाद्याचं नाव लॅटिनमध्ये दिलं आहे, आणि अभ्यासक मानतात की ती अशीच लायर असावी. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गुराख्यांच्या पंगतीतसुद्धा वाद्य फिरायचं आणि सगळ्यांना थोडंफार वाजवता येतं असं गृहीत होतं. म्हणूनच कुणी ते लिहून ठेवलं नाही. भाकरी कशी थापायची हे कोण लिहून ठेवतं?

आता आपल्याकडं वळते. बीडनं लिहिलं त्याच शतकात, 783 साली, दिगंबर आचार्य जिनसेनांनी हरिवंशपुराण पूर्ण केलं. आमच्या बस्तीत ते चातुर्मासात वाचलं जायचं. त्याच्या एकोणिसाव्या सर्गात वसुदेव चंपानगरीत जातो. तिथल्या चारुदत्ताची मुलगी गंधर्वसेना हिचा पण असतो की वीणेत जो मला जिंकेल त्याचीच मी. वसुदेवापुढं वीणा आणतात, तो त्यांच्यातले दोष सांगून त्या बाजूला ठेवतो. शेवटी सुघोषा नावाची सतरा तारांची वीणा येते, आणि ती घेऊन तो जिंकतो. या निमित्तानं जिनसेन स्वर, ग्राम, मूर्च्छना सगळं शास्त्र मांडतात, भरताच्या नाट्यशास्त्राला धरून. नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा आहे, नऊ तारांची विपंची आहे. पडद्यांवर दाबून वाजवायच्या या वीणा नव्हेत. स्वराला स्वतंत्र तार असलेल्या, समुद्रगुप्ताच्या मांडीवर दिसते त्या घराण्यातल्या त्या असाव्यात. ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात पवायाची एक शिळा आहे, गुप्तकाळातली. मधोमध नाचणारी बाई आणि भोवती वाजवणाऱ्या सगळ्या बायकाच. त्यांच्यातल्या एकीच्या हातात ही वाकडी वीणा आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांनी एकदा मुद्दाम जाऊन तिची बोटं पाहावीत.

ती वीणा पुढं आपल्या देशातून जवळजवळ नाहीशी झाली. नाव राहिलं आणि ते दुसऱ्याच वाद्यांना लागलं. ब्रह्मदेशात तिची एक बहीण सौंग या नावानं नांदते आहे. आपल्याकडं मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीच्या बाजूला परधान लोक गोंड यजमानांपुढं बीनबाजा वाजवत आले, ती याच घराण्यातली पाच तारांची वीणा; आता वाजवणारे हात मोजके.

दोन्ही देश शेजारी ठेवून पाहिले की मला हेच दिसतं. आपल्याकडं शास्त्र उरलं, वाद्य गेलं. तिकडं वाद्य उरलं, शास्त्र गेलं. आणि दोन्हीकडं गेला तो हात. बावीस श्रुतींचा हिशेब आपण तोंडपाठ सांगू, पण गंधर्वसेनेनं पहिली तार कुठल्या बोटानं छेडली हे जिनसेनांनी लिहिलेलं नाही. लिहिण्याची गरजच नव्हती, समोर वाजवणाऱ्या होत्या.

हे मला एवढं जवळचं वाटतं याचं कारण आमच्या घरातच आहे. माझी आज्जी पाळणे म्हणायची. जन्मकल्याणकाला बाल तीर्थंकरांना पाळण्यात घालतात, तेव्हा बायका म्हणतात ते. अर्धे मराठी, अर्धे कानडी, चाली तिच्या आईकडून आलेल्या. आज्जी दोनदा एकच कडवं सारखं म्हणायची नाही. बाळ कुणाचं आहे, समोर कोण बसलंय, हात दोरीवर आहे का नाही, त्याप्रमाणं चाल थोडी वाकायची. मी कॉलेजात असताना वही घेऊन बसले, तेव्हा तिनं मला उडवून लावलं. "लिवून घेऊन काय करतीस ग? तोंडात असू दे की." शब्द मी तरीही उतरवले. चाल कशी उतरवणार? ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या घरात ते पाळणे पूर्ण येणारं दुसरं कुणी नाही.

लायर जुळवून झाल्यावर एका दुपारी सहज म्हणून मी तिचा एक पाळणा तारांवर शोधायला घेतला. तो सहा तारांत बसला. सहाही लागल्या नाहीत, चार लागल्या. मग दुसरा घेतला, त्याला पाच लागल्या. बायकांची गाणी बहुतेक अशीच असतात, चार-पाच स्वरांत घर करून राहतात. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला जाऊन राहिले, माळव्यातली लोकगीतं ऐकत बसले, आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग काढले. तीनचार स्वरांच्या धुनेत केवढं काय दडलेलं असतं हे त्यांनी दाखवून दिलं. मला राग काढायचा नाही. आज्जी कुठं वाकायची तेवढं शोधायचं आहे. गळ्यानं म्हणताना माझी चाल ठरावीक झाली होती, टेप लावावी तशी. तारांवर आले तसा हात अडखळायला लागला, आणि अडखळल्या जागी एखादी दुसरी तार लागून जायची. कधी कधी ती आज्जीची वाट निघायची. तिची नक्की कुठली आणि माझी कुठली, हे आता वेगळं काढता येत नाही, आणि तिलाही तिच्या आईचं वेगळं काढता आलं नसतं.

आतापर्यंत सात पाळण्यांचं सरगम मी वहीत उतरवलं आहे. वही राहील, जिनसेनांचं पुराण राहिलं तसं. लायरही राहील, तून सहजी किडत नाही. पण या दोन्हींवर विसंबून काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून भाच्याची मुलगी दर रविवारी येते. नऊ वर्षांची आहे. तिला वही दाखवली तर कंटाळते, माझ्या मागच्या हाताकडं मात्र टक लावून बघते आणि विचारते, "आज्जी, मघाशी तू हे बोट उचललं नव्हतंस. आता का उचललंस?" मी तिला सांगत नाही. पुन्हा वाजवून दाखवते.